शुद्ध कोणी ठरवायचे? चवदार तळे ते कसबा बावड्याचा कचरा

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली, तिच्याकडे मात्र आपण नीट पाहत नाही. दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी मंत्र म्हणत पाण्यात ओतल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. पाण्यात नेमके काय बिघडले होते, हे कुणी तपासले नाही. घाण कशाला म्हणायचे आणि साफ कधी झाले, हे ठरवण्याचा अधिकार एकाच वर्गाकडे होता.

आज निकष आकड्यांत येतो. अमेरिकेने १९८० साली दूषित जागांच्या सफाईसाठी 'सुपरफंड' कायदा केला. आपल्याकडे १९८४ ला भोपाळ घडले, पण दूषित स्थळांचे स्वतंत्र नियम यायला जुलै २०२५ उजाडला.

"हा तज्ज्ञांचा विषय, त्यात तुमची चळवळ कशाला?" असे आम्हाला विचारले जाते. तर मग आकडा कसा निघतो ते पाहू. माणसाचे वजन किती, तो रोज किती पाणी पितो, त्या जागेवर किती वर्षे वावरतो, हे गृहीत धरून मातीत किती विष चालेल ते ठरते. घरवस्तीला निकष कडक, कारखान्याच्या जमिनीला सैल. विष किती आहे हे विज्ञान मोजते; ते कुणाच्या अंगात किती चालवून घ्यायचे, हा निर्णय मात्र राजकीय असतो.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर कचरा वेचणारी बाई या हिशेबात कुठे आहे? फुटक्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे ती उघड्या हातांनी निवडते. ती ना 'रहिवासी', ना 'कामगार'. शिवाय घनकचऱ्याचे ढीग नव्या नियमांतून वगळले आहेत. त्यात घातक रसायन मर्यादेपेक्षा जास्त मिसळले असेल तरच ते लागू होतात. पण तपासल्याशिवाय ते कळणार कसे?

१९८२ साली अमेरिकेतील वॉरेन काउंटीत, बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या भागात, सरकारने पीसीबी नावाच्या विषारी रसायनाची माती आणून पुरली. पाचशेहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. तरीही माती पुरली गेली. लोक मात्र हटले नाहीत. पुढे ते सरकारसोबतच्या समितीत बसले, स्वतःचे शास्त्रज्ञ सल्लागार घेतले, आणि २००३ मध्ये ती माती निर्विष करून घेतली.

आपल्याला हेच करायचे आहे. शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा हुकूम काढला. १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीर केले. त्याच जिल्ह्यात आपण राहतो. संशयित दूषित जागांची यादी मंडळाकडे पाठवणे हे आता स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाचे काम आहे. आपल्या वस्तीशेजारचा ढीग, नाला, बंद कारखाना त्या यादीत आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. नसेल तर लेखी मागणी करा. माती-पाण्याचा तपासणी अहवाल मराठीत मागा.

पाणी प्यायचा हक्क महाडने मिळवून दिला. ते पाणी स्वच्छ आहे की नाही, हे ठरवणाऱ्यांत बसण्याचा हक्क आपल्याला मिळवायचा आहे.

जय भीम!