विसरून जा म्हणणं सोपं असतं

आपल्याकडे कुणावर आघात झाला की भेटायला येणारा प्रत्येकजण एकच सांगतो, "विसरून जा आता. झालं गेलं गंगेला मिळालं." मीही सांगितलंय, खोटं कशाला बोलू! हल्ली कोचिंगवाल्यांच्या तोंडी 'ट्रॉमा' हा शब्द सारखा येतो, तेव्हा मला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा ब्रिटिश डॉक्टर आठवतो. (१९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांचा अभ्यास करणारा तो हाच.)

पहिल्या महायुद्धात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात तो 'शेल शॉक' झालेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करत होता. माणसं वरून धडधाकट, पण रात्र झाली की हाल. त्याच काळात लंडनमध्ये डॉ. यीलँड वाचा गेलेल्या सैनिकांना विजेचे झटके देऊन बोलतं करत होता! रिव्हर्सकडे येणाऱ्यांना मात्र 'तो विषयच मनात आणू नका' असा सल्ला आधीच मिळालेला असायचा. रिव्हर्सचं म्हणणं, दिवसा दाबलेलंच रात्री उसळतं.

डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या निबंधात त्याने एका अधिकाऱ्याची हकिगत दिली आहे. याच्या मित्राच्या देहाच्या स्फोटात चिंधड्या झाल्या होत्या, आणि ते दृश्य याला रोज स्वप्नात दिसायचं. रिव्हर्सने फक्त एवढंच दाखवून दिलं, की देहाची ती अवस्था म्हणजे मित्र तत्क्षणी गेल्याचा पुरावा. तो तळमळत मेला नाही. त्या माणसाचा चेहराच उजळला. पुढे स्वप्नात मित्र आला, तेव्हा भीतीऐवजी दुःख झालं.

मला जास्त भावतो तो त्याच निबंधातला दुसरा रुग्ण. स्फोटाने उडून हा एका फुगलेल्या प्रेतावर तोंडावर आपटला होता. यात दिलासा कुठून शोधणार? रिव्हर्सने इथे बोलण्याचा आग्रह धरला नाही. सैन्य सोडून खेड्यात मोकळ्या हवेत राहा, असं सुचवलं. एकच औषध सगळ्यांना नाही. रिव्हर्स स्वतः तोतरा होता, बोलायला लावणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक असणार (हा आपला माझा तर्क).

पण बरं करायचं ते कशासाठी? पुन्हा खंदकात पाठवायला! युद्धाचा जाहीर निषेध करणारा कवी सिगफ्रिड ससून जुलै १९१७ मध्ये त्याच्याकडे आला आणि नोव्हेंबरात लष्करी सेवेत परतला. रिव्हर्स १९२२ मध्ये गेला. पुढच्या वर्षी त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक निघालं, त्यात त्याने स्वतःचंही एक स्वप्न उलगडलंय. या रुग्णाचं ऐकता ऐकता युद्धाबद्दलचं आपलंच मत फिरलं तर, ही धास्ती त्या स्वप्नामागे होती.