अणुभट्टीतून कॅबिनेटमध्ये

गेल्या शनिवारी एका मित्राचा फोन आला. "अरे, पीसी असेंबल करतोय. प्रोसेसरच्या बॉक्समध्ये पंखाच नाहीये! आता वेगळा कूलर म्हणजे पुन्हा खर्च. स्वस्तातला एखादा सांग ना." त्याला दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण बॉक्समधला पंखा गेला कुठे हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आयटीतल्या माणसाला शनिवारी एवढं निमित्त पुरतं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९८९ साली इंटेलचा ४८६ आला तेव्हा तो पंख्याविना निवांत चालायचा. १९९३ च्या पेंटियमपासून डोक्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा हे नेहमीचं झालं, तरी फार कुणी घाबरलं नाही. कारण आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ सालीच एक हिशेब मांडून ठेवला होता: ट्रान्झिस्टर लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर कोंबले तरी तिथली उष्णता वाढत नाही. या हिशेबाच्या आधारावर आपली इंडस्ट्री तीसेक वर्षं निवांत होती.

मग हिशेब चुकायला लागला. २००१ साली इंटेलच्याच पॅट गेल्सिंगरने एका परिषदेत सांगितलं की हे असंच चाललं तर २००५ पर्यंत चिपवरची उष्णतेची घनता अणुभट्टीएवढी होईल, आणि त्यानंतर रॉकेटच्या नॉझलएवढी. त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी चालू प्रोसेसरवरचे हीटसिंक चक्क उचलून बाजूला ठेवले. पेंटियम ४ ने स्वतःचा वेग कमी केला आणि तो वाचला. ॲथलॉनचा धूर झाला. तो व्हिडिओ आमच्या पिढीने कितीदा पाहिला असेल, काय सांगू!

२००४ मध्ये ९० नॅनोमीटरचा प्रेस्कॉट आला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले होते की बंद असतानाही त्यांतून करंट गळायचा, त्यामुळे व्होल्टेज आणखी उतरवायची सोय उरली नाही. काही मॉडेल ११५ वॅटपर्यंत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने पुढचा टेजास प्रोसेसर रद्दच केला आणि सगळे एकाऐवजी दोन कोअरच्या मागे लागले. आपण आज थ्रेड आणि लॉक यांच्याशी जी झटापट करतो ना, तिची सुरुवात इथे आहे. उष्णता बाहेर काढता आली नाही म्हणून!

असो. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याची ताकद संपली, मग आता काय? उत्तर चाळीस वर्षं जुनं होतं. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये जॉर्ज ग्रोव्हरने हीट पाइप बनवला, तो अंतराळात न्यायच्या अणुभट्टीतली उष्णता वाहून नेण्यासाठी. (जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरने १९४४ मध्येच अशाच कल्पनेचं पेटंट मिळवलं होतं, पण तेव्हा त्याची गरज कुणाला पडली नाही.) म्हणजे बघा, चिप अणुभट्टी व्हायला निघाली आणि मदतीला अणुभट्टीचीच नळी आली :)

ही नळी म्हणजे आपल्या माठाचा भाऊबंद. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली, थोडंसं पाणी आणि आतून सच्छिद्र अस्तर. हवेचा दाब नसल्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत परत येते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण वाफ करायला सुमारे ५४०. सगळी गंमत या आकड्यात आहे.

सुरुवातीला हे चोचले हौशी लोकांचे होते. ते सामान्यांच्या खिशात आणलं ते कूलर मास्टरच्या हायपर २१२ ने. २००९ चा २१२ प्लस आणि २०११ चा इव्हो, किंमत तीसेक डॉलर. चार नळ्या, त्यांच्यावर पातळ पत्र्यांचा मनोरा आणि १२० मिलिमीटरचा मोठा पंखा. मोठा पंखा हळू फिरूनही भरपूर हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. शिवाय खाली तांब्याचा जाड ठोकळा न देता नळ्याच घासून सपाट केल्या आणि थेट प्रोसेसरवर टेकवल्या. खर्च वाचला तो इथे. माझ्या मते कंजूषपणातून आलेलं हे डिझाइन बऱ्याच महागड्या डिझाइनपेक्षा हुशार आहे.

आता मित्राचा पंखा. २०१५ मध्ये इंटेलने स्कायलेकचे के मॉडेल कूलरशिवाय विकायला सुरुवात केली आणि २०२२ मध्ये रायझन ७००० चे एक्स मॉडेलही तसेच आले. उष्णतेची जबाबदारी गुपचूप गिऱ्हाईकाच्या गळ्यात! नशीब एवढंच की त्याच २०२२ मध्ये थर्मलराइटने पिअरलेस असॅसिन १२० एसई आणला: दोन मनोरे, सहा नळ्या, दोन पंखे आणि किंमत जवळपास जुन्या २१२ एवढीच.

मित्राला मी हाच सांगितला, पण आधी टेप घेऊन बसवलं. कूलरची उंची १५५ मिलिमीटर आहे, अरुंद कॅबिनेटचं झाकण लागत नाही. एखाद्याचा जुना कूलर इंटेलच्या नव्या बोर्डवर बसवायचा असेल तर भोकांमधलं अंतर बघायचं, कारण २०२१ च्या एलजीए १७०० मध्ये ते ७५ चं ७८ मिलिमीटर झालं. आणि रिव्ह्यूमधलं तापमान बऱ्याचदा खोलीच्या तापमानाच्या वर किती, असं दिलेलं असतं. पंचवीस अंशांच्या लॅबमध्ये ७० दिसणारा प्रोसेसर एप्रिलच्या दुपारी, चाळीस अंशांच्या खोलीत, ८५ ला जाणार. कुठलाही पंखा त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

रविवारी रात्री पुन्हा फोन. "सगळं बसवलं, तरी ९५ दाखवतोय." मी विचारलं, कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म सोललीस का? पलीकडे बराच वेळ शांतता. हसलो नाही. माझ्या पहिल्या कूलरची मी चार महिन्यांनी सोलली होती.