उपयोगी दिवे, मोटारीतील

मोटारीच्या बॉनेटखाली, डिकीत किंवा ग्लोव्हबॉक्समध्ये असणारे, रस्त्यासाठी नव्हे तर हाताखालच्या कामासाठी उजेड देणारे छोटे दिवे.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी कंपन्या असे दिवे मागणीनुसार, जादा किमतीत कारखान्यातच बसवून देत. महाराष्ट्रात अमेरिकी मोटारींची जुळणी जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला केली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने कुर्ल्याला डॉज, डिसोटो व प्लिमथ मोटारी जुळवल्या (पहा : प्रीमियर ऑटोमोबाईल्स).

बॉनेटखालच्या दिव्याला अनेकदा पाऱ्याचा स्विच असे. बॉनेट उचलले की बंद कुपीतला, सुमारे एक ग्रॅम पारा कलून वीजमार्ग जोडतो आणि दिवा लागतो. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. त्यामुळे बल्ब निवडताना मोटारीचे वर्ष पाहावे लागते.

हे दिवे निव्वळ चैनीचे होते, हा आक्षेप टिकत नाही. मुंबई–पुणे रस्त्यावर बोरघाटाच्या चढणीत (पहा : बोरघाट) रात्री इंजिन तापले, तर एका हातात बॅटरी धरून दुरुस्ती करणे अवघडच, या दिव्याने दोन्ही हात मोकळे राहतात. विक्रेतेही असे दिवे नंतर बसवत, हा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून जुन्या मोटारीचे अस्सलपण ठरवताना नुसता दिवा पुरावा ठरत नाही. वायरिंगचा मार्ग, दिवा बसवण्याच्या पट्टीची भोके आणि मूळ कागदपत्रेही जुळावी लागतात. पारा विषारी असल्याने (पहा : पारा) फुटका स्विच उघड्या हाताने काढू नये.