मिस कॉल : एका फुकटच्या युक्तीचा इतिहास



यंत्रांचा इतिहास लिहिला जातो. कुणी शोधलं, कधी बाजारात आलं, केवढ्याला विकलं गेलं, याच्या नोंदी सापडतात. पण यंत्र हातात पडल्यावर साध्या माणसांनी त्याच्याशी काय काय उद्योग केले, याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. आज आपण अशाच एका उद्योगाकडे बघणार आहोत. त्याचा शोध कुणी एकानं लावला नाही, त्याचं पेटंट नाही, तरी आपल्यापैकी बहुतेकांनी तो केलेला आहे. तो म्हणजे मिस कॉल. “पोचलास की मिस कॉल दे” हे वाक्य न ऐकलेलं घर आपल्याकडे शोधावं लागेल.

मुळात ही युक्ती मोबाइलच्याही आधीची. घरच्या फोनवर दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा, म्हणजे घरच्यांना कळायचं की माणूस सुखरूप पोचला. पण त्यात एक अडचण होती. साध्या फोनवर समोरचा नंबर दिसत नसे, त्यामुळे आधी ठरवून ठेवावं लागे. मोबाइलच्या पडद्यावर नंबर दिसू लागला आणि न उचललेला फोनसुद्धा ‘कोण’ हे सांगू लागला. युक्तीला खरं बळ आलं ते इथे.

आता पैशांचा हिशेब बघू. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळात गर्दीच्या वेळी एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते २००३ मध्ये. त्यानंतर मोबाइल रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या, कामाला जाणाऱ्या मावशींच्या हातात आला. फोन परवडला, पण बोलणं अजून जपूनच. खात्यात एक-दोन रुपये शिल्लक ठेवायचे आणि मिस कॉलवर दिवस काढायचे, हा अनेकांचा रिवाज झाला.

हे फुकट कसं काय? आपण नंबर लावला की कंपनीची यंत्रणा समोरचा फोन कुठे आहे ते शोधते, वाट जोडते, आपला नंबर तिकडे पोचवते, घंटी वाजवते. इतकं सगळं काम होतं, पण मीटर पडतं ते फोन उचलल्यावरच. या फटीतून लोकांनी अख्खी भाषा उभी केली. एक रिंग म्हणजे “निघालो”, दोन म्हणजे “खाली ये”. काहीच ठरलं नसेल तर “तू मला फोन कर”.

आणि हे केवळ आपल्याकडे नव्हतं. फिलिपिन्समध्ये त्याला ‘मिसकॉल’, इटलीत ‘स्क्विल्लो’, आफ्रिकेत कुठे ‘बीपिंग’ तर कुठे ‘फ्लॅशिंग’ म्हणत. जोनाथन डोनर या संशोधकानं रवांडातल्या या रीतीचा अभ्यास करून २००७ मध्ये तिचे अलिखित नियम मांडले. ज्याच्याकडे पैसा जास्त, त्यानं परत फोन करायचा. जिला पटवायचं आहे तिला मात्र मिस कॉल द्यायचा नाही, इज्जत जाते! आपल्याला हे नियम कुणी शिकवावे लागले नाहीत. मुलगा वडिलांना मिस कॉल देतो, नोकर मालकाला देतो, पण मालकानं नोकराला दिला तर लोक हसतात.

पुढे ही युक्ती धंद्याच्या नजरेत भरली. २०१० मध्ये बंगळुरूत झिपडायल ही कंपनी निघाली, तिचं कामच मिस कॉलवर चालायचं. जानेवारी २०१५ मध्ये ती ट्विटरनं विकत घेतली. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला लोकांनी मिस कॉल देऊन पाठिंबा कळवला. हिंदुस्तान युनिलिव्हरनं बिहार-झारखंडात ‘कान खजूरा टेसन’ चालवलं : मिस कॉल द्या, आम्ही फोन करतो, गाणी ऐका, मधेमधे जाहिराती ऐका. २०१४ मध्ये भाजपनं सदस्यनोंदणी मिस कॉलवर केली. पीएफची शिल्लक, गॅसचं बुकिंग, सगळं तिथं आलं.

इथे एक बदल लक्षात घ्यायला हवा. आईला दिलेला मिस कॉल वाजून संपत असे. कंपनीला किंवा पक्षाला दिलेला मिस कॉल मात्र आपला नंबर मागे ठेवून जातो. पैसा लागत नाही, पण नंबर हीच किंमत.

खुद्द टेलिकॉम कंपन्याही यावरून भांडल्या. दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावला, तर त्या कंपनीला मिनिटामागे ६ पैसे द्यावे लागत. जिओचं म्हणणं असं की, आपल्या ग्राहकांचं बोलणं फुकट म्हणून बाकीचे त्यांना रोज २५ ते ३० कोटी मिस कॉल देतात. प्रतिस्पर्ध्यांचं म्हणणं असं की, जिओनं आपल्याकडून जाणाऱ्या कॉलची रिंग छोटी केली, म्हणजे तो मिस व्हावा आणि परतीचा फोन यावा. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रायनं मोबाइलची रिंग ३० सेकंद ठरवून दिली. गरिबाची युक्ती मोठ्यांच्या वहीखात्यात कुठवर पोचली बघा!

आज बोलणं ‘अनलिमिटेड’ आहे, मग मिस कॉल हवा कशाला, असं वाटेल. पण २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली, साधारण २८ दिवसांना ३५ रुपये. तो केला नाही तर जाणारे फोन बंद, काही दिवसांनी येणारेही बंद. म्हणजे ज्याला भरपूर बोलायचंय त्याची सोय झाली. ज्याला महिन्यातून दोनदा “पोचलो” एवढंच कळवायचंय, त्याला तेवढ्यासाठीही दरमहा पैसे मोजणं भाग पडलं. स्वस्ताईचा इतिहास सांगताना आपण हा माणूस विसरू नये, एवढंच आजचं सांगणं.