मेकअपचा फोटो काढताय? आधी उजेड बघा, कॅमेरा नंतर

नल्लकुंटा (हैदराबाद) : नवरीच्या मेकअपची ऑर्डर आता फोटो बघूनच मिळते. नांदेड, बिदर नाहीतर आदिलाबादला बसलेली मुलगी मोबाइलवर चार फोटो बघते आणि हैदराबादची पार्लरवाली ठरवते. फोटोतला रंग प्रत्यक्षात उतरला नाही, तर ऐन लग्नाच्या दिवशी कुरबूर होते. नल्लकुंटा, विद्यानगर, काचीगुडा या भागात तेलुगू नवरी असते तशी मराठीही असते. दोघींचा साज वेगळा, पण फोटोची अडचण सारखीच.

जुनी गोष्ट, जुनीच अडचण

हैदराबादला बायकांच्या फोटोचा इतिहास जुना आहे. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये इथे पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. फोटो काढायला बाईच होती, इंग्रज. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग चांगला दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल कुंकू फोटोत काळपट यायचं. आज कॅमेरे सुधारले, तरी लाल रंगाची तक्रार संपलेली नाही. फक्त दोष आता बहुतेक वेळा दिव्याचा असतो.

दिवा कसा निवडावा

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय हा आकडा बघावा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचे हे शंभरपैकी मार्क. घरातल्या साध्या एलईडी बल्बला साधारण ८० असतात. मेकअपसाठी ९५ च्या पुढचा दिवा घ्यावा. त्यातही आर-नाइन हा आकडा वेगळा विचारावा, कारण गडद लाल रंगाचा हिशेब सीआरआयच्या सरासरीत धरलेला नसतो. कुंकू, लिपस्टिक आणि त्वचेतली लाली यावरच अवलंबून.

कोठीची गुजराती गल्ली इलेक्ट्रॉनिक्ससाठी आणि ट्रूप बाजार दिव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे जाताना पर्समध्ये लाल लिपस्टिक न्यावी. हातावर रेघ ओढून दिव्याखाली बघावी, मग दुकानाबाहेर उन्हात बघावी. रंग विटकरी वाटला तर तो दिवा घेऊ नये.

रिंग लाइट की सॉफ्टबॉक्स?

रिंग लाइटचा उजेड समोरून सरळ पडतो. डोळ्यांच्या मेकअपच्या जवळच्या फोटोला तो ठीक. पण पूर्ण चेहरा सपाट दिसतो, मेहनतीने केलेलं काँटूरिंग गायब होतं. त्यासाठी सॉफ्टबॉक्स बरा. तो चेहऱ्याच्या एका बाजूला, ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा उंच ठेवावा. दुसऱ्या बाजूला पांढरी थर्माकोल शीट उभी केली की सावली हलकी होते. दिवा जेवढा मोठा आणि जवळ, तेवढा उजेड मऊ.

दिवा नसेल तर खिडकी आहेच. थेट ऊन येत नसेल अशी खिडकी घ्यावी, नाहीतर पातळ पांढरा पडदा लावावा. खोलीचे बाकी दिवे बंद करावेत. खिडकीचा उजेड ५५०० केल्व्हिनच्या आसपास, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र आले की एक गाल निळसर, एक पिवळट. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिची झाकही चेहऱ्यावर येते, म्हणून मागे आणि बाजूला पांढरी चादर लावावी.

कॅमेरा आणि मोबाइल

फुल फ्रेम कॅमेऱ्याला ८५ मिलिमीटरची लेन्स, साध्या एपीएस-सी कॅमेऱ्याला ५० ची पुरते. अॅपर्चर एफ ५.६ ते ८ ठेवावं, म्हणजे डोळे, नथ आणि कानातले सगळे स्पष्ट येतात. शटर १/१०० ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे एलईडीच्या लुकलुकण्याचे पट्टे या वेगाला सहसा येत नाहीत. आयएसओ १०० ते ४००.

मोबाइल अगदी जवळ धरला की नाक मोठं दिसतं. दीड मीटर मागे सरकून दोनपट किंवा तीनपट झूमची लेन्स वापरावी. ब्युटी मोड आणि फिल्टर बंद. त्वचा गुळगुळीत करून टाकलेल्या फोटोत मेकअप कुणाचा आणि मोबाइल कुणाचा, ते कळत नाही.

हळद आणि पिवळी साडी

पिवळी साडी फ्रेममध्ये जास्त आली की ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो. तो पिवळा कमी करायला जातो आणि चेहरा निळसर, मलूल पडतो. अंगावर हळद असेल तरी तेच. म्हणून ऑटो बंद करावा. ग्रे कार्ड नवरीच्या चेहऱ्याजवळ धरून एक फोटो घ्यावा, त्यावरून व्हाइट बॅलन्स लावावा आणि उजेड बदलेपर्यंत तसाच ठेवावा.

फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा का पडतो?

तेलुगू लग्नांत मुहूर्त बऱ्याचदा रात्रीचा, मराठी लग्नात गोरज. दोन्हीकडे फ्लॅश आलाच. सिलिकाची सेटिंग पावडर आणि झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन फ्लॅशचा उजेड परत फेकतं. आरशात चांगला दिसणारा चेहरा अल्बममध्ये पांढरा फटक पडतो. सावळ्या रंगावर ते जास्तच उठून दिसतं. ट्रायलच्या दिवशीच फ्लॅश लावून एक फोटो काढावा. पाच सेकंदांचं काम आहे.

पैसे कशावर आधी?

आधी एक चांगला दिवा, थर्माकोल आणि ग्रे कार्ड. मग लेन्स. कॅमेऱ्याची बॉडी सगळ्यात शेवटी. महागडा कॅमेरा वाईट दिव्याखाली वाईट रंगच टिपतो, चांगल्या दिव्याखाली मात्र हातातला मोबाइलही बराच खरा फोटो देतो.

आणि फोटो टाकण्याआधी नवरीला विचारावं, व्हॉट्सअॅपवर लेखी होकार घ्यावा. चेहरा तिचा आहे.