ओनाम्यापासून ध्वनीपर्यंत : नागपूर परिसरातील आरंभीच्या वाचनशिक्षणाचा एक ऐतिहासिक विचार

मराठी मुलुखात मुलाच्या विद्यारंभाला 'ओनामा' म्हणत. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवाक्याचे ते बोलीत झिजलेले रूप होय. धुळपाटीवर अक्षर गिरवणे आणि बाराखडी एका सुरात घोकणे, हा पंतोजींच्या शाळेतील अध्यापनाचा गाभा होता. या बाराखडीत ध्वनींचे सूक्ष्म पृथक्करण आधीच झालेले आहे. क, का, कि, की या ओळीत व्यंजन स्थिर राहून स्वर बदलतो. का, खा, गा, घा या स्तंभात स्वर स्थिर राहून व्यंजन बदलते. परंतु घोकणाऱ्या मुलाच्या कानी हे पृथक्करण पडत नाही. त्याला बारा अखंड अक्षरेच ऐकू येतात. वर्णविचार शिकवला जाई तो व्याकरणात, म्हणजे वाचता येऊ लागल्यानंतर. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतरही हा क्रम बदलला नाही.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये शाळा सुरू केली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. याच हिस्लॉप यांनी गोंडी शब्द कानाने ऐकून टिपले होते. त्यांचे हे टिपण त्यांच्या निधनानंतर १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. परभाषेचा अभ्यासक शब्द ध्वनीध्वनीने ऐकतो; मातृभाषेच्या वर्गात मात्र तसे ऐकण्याची गरज कोणाला भासली नाही.

यामागे लिपीची सोय होती. माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवताना मूल अक्षराचे नाव न घेता त्याचा ध्वनी उच्चारते. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून या विचाराला भारतीय रूप दिले. इंग्रजीत अक्षराचे नाव आणि ध्वनी यांत अंतर असल्याने ही पद्धत तेथे क्रांतिकारक ठरते. मराठीत 'क'चे नाव हाच त्याचा उच्चार, म्हणून प्रश्न सुटल्यासारखा वाटला. प्रत्यक्षात 'घर' लिहिताना अक्षरे दोन, बोलताना ध्वनी तीन : घ्, अ, र्. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' लिपीत एक, उच्चारात दोन.

नागपूर-वऱ्हाडकडे हा पेच अधिक वाढतो. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडाने या भागातील बोलीची स्वतंत्र नोंद घेतली. या बोलीत 'डोळा'चा 'डोया', 'पाणी'चे 'पानी' होते. विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाल्यावर पुण्याच्या व नागपूरच्या मुलाच्या हाती एकच पाठ्यपुस्तक येऊ लागले. त्या एकसूत्रीपणाचे लाभ थोडे नाहीत. पण 'ळ' हा पुण्याच्या मुलाला ऐकलेला ध्वनी असतो, तर नागपूरकडील अनेक मुलांना तो पुस्तकातच प्रथम भेटतो.

इझाबेल लिबरमन व सहकाऱ्यांच्या १९७४ मधील अमेरिकी प्रयोगात चार वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना शब्दातील उच्चारखंड मोजता आले, सुटे ध्वनी मात्र एकालाही मोजता आले नाहीत. सहाव्या वर्षी, शालेय वाचन सुरू झाल्यावर, ७० टक्के मुलांना ते जमले. सोनाली नाग यांच्या २००७ मधील कन्नड मुलांच्या अभ्यासात ध्वनींची ही जाण आणखी संथपणे येताना दिसते. अक्षराधारित लिपी मुलाला वर्णापाशी लवकर नेत नाही, हे या दोहोंवरून उमगते. २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने ध्वनींची जाण हा पायाभूत साक्षरतेचा घटक मानल्यामुळे हा विषय आता पहिलीच्या वर्गात आला आहे.

तेथे शिक्षकाने 'डोळा'चे ध्वनी विचारले आणि मुलाने ड्, ओ, य्, आ असे सांगितले, तर त्याने आपल्या कानाचे काम अचूक केलेले असते. 'ळ' हा पुढचा, लेखनाचा पाठ आहे. दोन्ही पाठ एकाच उत्तरात तपासले गेले, तर बरोबर ऐकणारे मूलच चुकीचे ठरते.