इंग्लंडमधील विटांचे शेतघर : एक वाचन

जुन्या हस्तलिखिताचा अभ्यासक मूळ पाठ, पाठभेद आणि प्रक्षेप निराळे करीत जातो. जुनी इमारतही याच पद्धतीने वाचता येते, असे मला वाटते. राजवाडे आणि देवालये बांधविणारे आपली नावे शिलालेखांत कोरून ठेवतात. शेतकऱ्याच्या घराची साक्ष बहुधा त्याच्या भिंतींतच शोधावी लागते. म्हणून आज इंग्लंडमधील विटांच्या शेतघराचा विचार आपणांपुढे मांडतो.

रोमन सत्तेच्या अस्ताबरोबर विटा भाजण्याची कला इंग्लंडातून जवळजवळ लोपली. मध्ययुगात ती पूर्व भागात पुन्हा रुजली. सफोकमधील तेराव्या शतकातले लिटल वेनम हॉल हे तिचे जुने उदाहरण होय. सामान्य शेतकरी मात्र लाकडी सांगाडा आणि कुडाच्या भिंती यांच्या आश्रयाने राहत असे. मधल्या दालनात उघडी चूल असे आणि धूर छपरातून वाट काढी. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली १५७० ते १६४० या काळातील ग्रामीण घरांच्या ‘महापुनर्बांधणी’चा सिद्धान्त मांडला. पुढील संशोधकांनी ही कालमर्यादा सैल केली. परंतु बदलाचे स्वरूप स्पष्टच आहे. विटांच्या धुराड्याने धूर बांधला गेला, दालनावर माळा घालता आला आणि निजण्याच्या खोल्या वर गेल्या.

विटांची रचनाही बोलकी असते. एक थर लांब बाजूंचा व दुसरा आखूड बाजूंचा, ही ‘इंग्लिश’ पद्धत; एकाच थरात दोन्ही बाजू आलटून-पालटून, ही सतराव्या शतकात पसरलेली ‘फ्लेमिश’ पद्धत. १७८४ साली हजार विटांमागे अडीच शिलिंग कर बसला. कर नगावर असल्याने काही भट्टीवाल्यांनी विटा मोठ्या केल्या. १८०३ मध्ये मोठ्या विटांवर दुप्पट आकारणी झाली. हा कर १८५० मध्ये रद्द झाला.

तथापि केवळ भिंतीवर विसंबणेही धोक्याचे आहे. बुजवलेली खिडकी दिसली की १६९६ ते १८५१ पर्यंतच्या खिडकीपट्टीकडे बोट दाखविले जाते. हॅम्पशरमधील चॉटन येथील विटांचे घर मुळात शेतघर. पुढे ते खानावळीचेही झाले. १८०९ ते १८१७ या काळात कादंबरीकार जेन ऑस्टिन तेथे राहिल्या. दिवाणखान्याची रस्त्याकडील खिडकी बुजवून बागेच्या अंगाला दुसरी काढल्याचे त्यांच्या पुतण्याने चरित्रात नोंदविले आहे. हेतू हा, की रहदारी दृष्टीआड व्हावी. लेखी पुरावा नसता, तर आपण तेथेही करच वाचला असता.

यास्तव अशा घराची दुरुस्ती हे एक प्रकारे पाठसंपादनच आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ संस्था स्थापिली, ती पुनर्निर्मितीऐवजी जपणुकीचा आग्रह धरून. जुनी वीट मऊ असते. चुन्याच्या दरजांतून भिंतीतील ओल बाहेर पडते. तेथे कठीण सिमेंट भरले की ओल विटेतच कोंडते, थंडीत गोठते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. सांधा शाबूत राहतो, पण अक्षर झडते. आपल्याकडे हिमाचे भय नाही. परंतु जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आणि लोणा तेच काम करतात. तेव्हा गवंड्याला बोलावण्यापूर्वी भिंत एकदा वाचून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.